पाहुण्या शब्दाला पाणी

सुताराने काल दाराला लाखेचं पॉलिश मारलं आणि तो वास नाकात शिरताच मी मनाने थेट लहानपणीच्या गावात, चिचगडच्या अंगणात जाऊन बसले. उन्हाळ्याची सकाळ होती, आई आणि मावशी पळसाच्या काड्यांवरची लाख विळ्याने खरवडत होत्या आणि मी इंग्रजीच्या पेपराच्या धास्तीने शब्दकोश उघडून रडत होते. “काऊन रडून राहिली वो?” मावशीने विचारलं. “हे शब्द मले आपले वाटतच नाई,” म्हणत मी समोरचा शब्द चिडून वाचला: लॅकर, म्हणजे चकचकीत रोगण. खाली त्याचं मूळ दिलं होतं. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला, त्यांनी पोर्तुगीजांकडून, त्यांनी अरबांकडून, आणि निघाला होता तो आपल्या ‘लाख’मधून! शेलॅक त्याचाच भाऊ, म्हणजे पातळ पापुद्र्यांची लाख. मावशीचा विळा थांबला. “म्हंजे आपलीच लाख एवढं जग फिरून घरी आली? मंग पाय धुवाले पाणी दे ना तिले!” आमच्याकडे लांबून आलेल्या पाहुण्याला आधी दारातच पाणी देतात. तिने खरोखरच तांब्या भरून त्या उघड्या पानावर ठेवला. आई हसून हसून काड्यांवर आडवी झाली, माझं रडू कुठल्या कुठे पळालं. आता मीच इंग्रजी शिकवते. वर्गात कुणी अवघड शब्दाला बिचकलं, की तांब्याचा गोल डाग पडलेलं ते पान दाखवते आणि विचारते, “या पाहुण्याला पाणी दिलं का?”