मिग्दालियाच्या टायरातली हवा

मागचा टायर उबाल्दो आधी तळहातानं दाबून बघायचा, गेज मग लावायचा. सालिनासच्या रेसपट्टीवर जुन्या कोरोला गाड्या सरळ पळवायच्या, आणि तिथं पहिल्या झेपेतच सगळं ठरतं. ती झेप उबाल्दो बांधून द्यायचा. चालवायची त्याची बायको, मिग्दालिया. नातवंडं झाली तरी बाईचा पाय हलका झाला नव्हता.

पण अलीकडे सुटताक्षणी गाडीचं ढुंगण भिंतीकडं सरकायचं. आज पुन्हा सरकली तर चालवणं बंद, असं मिग्दालियानं सकाळीच सांगून टाकलं. उबाल्दो नुसतं "बघू" म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

दुपारी कॉड माशाच्या भज्यांचे तेलकट हात तसेच घेऊन ती टायरापाशी उकिडवी बसली. दाबलं तर दगड.

"म्हाताऱ्या, हवा किती मारलीस?"

"नेहमीचीच की."

"खोटं बोलू नको, तुला जमत नाही ते."

तिनं पुढच्या शॉकअपची गुंडी चाचपली. पार आवळलेली. म्हणजे गाडीनं नाक उचलायचं नाही, वजन मागं यायचं नाही, आणि टम्म फुगलेला टायर जागीच गरगरणार. मग सरकेल नाहीतर काय करेल!

उबाल्दो चिंधीला हात पुसत राहिला. "मागं तुझ्या छातीत दुखलं ना... म्हटलं, जरा बेतानं सुटू दे. गाडीनं नाक उचललं की मला बघवत नाही गं."

"अरे गाढवा! मला जपायला निघालास आणि भिंतीवर घालत होतास?" ती खो खो हसली. हसता हसता तिनं त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. "डॉक्टरनं हो म्हटलंय. तू कधी म्हणणार?"

तो टायराकडं वळला. खाली बसून त्यानं व्हॉल्व्ह दाबला. फुस्स.

"अजून," ती म्हणाली. "अजून जरा. आता गुंडी सोड."

रेसपट्टीवर हिरवा दिवा लागला. टायरांच्या कडा चुरगळल्या, कोरोलानं नाक आभाळाकडं केलं आणि ती सुतासारखी सरळ गेली. उबाल्दोनं श्वास सोडला तो गाडी परतीच्या रस्त्याला लागल्यावर.

मिग्दालियाच्या चेहऱ्यावर घाम आणि हसू. "पुढच्या रविवारी अजून थोडी काढू या का हवा?"

"लाडात येऊ नको," तो म्हणाला आणि आत वाकून तिचे पट्टे सोडवू लागला.