देवळापासून मण्यारांच्या ओळीपर्यंत

त्या दिवशी वाशीमच्या बालाजीसमोर उभी राहिले आणि मला काहीच मागता आलं नाही. हात जोडले होते, डोळे मिटले होते, पण आत सगळं कोरडं होतं. एरवी पाणी भरता भरता, दळता दळता मी त्याच्याशी बडबडत असे, आणि ऐन गरजेच्या वेळी माझी वाचाच बसली. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. इतक्या जणांचं ऐकतोस, मग माझ्याच वेळी कानाडोळा का करतोस, असं मनात येत होतं, आणि देवाला असं बोलू नये हेही कळत होतं. पुजाऱ्यांनी तळहातावर तीर्थ घातलं ते सवयीनं प्याले, डोळ्यांना हात लावला आणि सासूबाईंच्या मागोमाग पायऱ्या उतरले.

माझे यजमान आदल्या दिवाळीनंतर मेळघाटात एका लाकडाच्या ठेकेदाराकडे देखरेखीच्या कामाला गेले होते. होळीला येतो म्हणाले होते. होळी गेली, पावसाळा गेला, पण ना ते आले ना त्यांचा निरोप. मग शिरपूरकडचा एक मजूर तिकडून परतला. त्यानं सांगितलं की जंगलात तापाची साथ आली होती, माणसं पटापट गेली. नदीकाठी एक चिता जळताना त्यानं लांबून पाहिली, ती वाशीमच्या माणसाची आहे असं लोक बोलत होते. त्याला माहीत होतं ते एवढंच, पण आमच्या घरात आकांत व्हायला एवढंही पुरलं.

घरचे कर्ते माझे मोठे दीर. आमच्याकडे त्यांना भासरे म्हणतात. ते वाईट मनाचे नव्हते. धाकट्या भावाचं नाव निघालं की ते भरल्या ताटावरून उठायचे. पण त्यांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं, आणि घरात धड सुतकही नाही, धड शुभकार्यही करता येत नाही, ही अधांतरी अवस्था त्यांना सोसवेना. त्यांनी भटजींना विचारलं आणि पालाशविधी करायचं ठरवलं. ज्याचा देह हाती लागला नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तोच हा विधी. येती अमावास्या त्यासाठी ठरली.

त्या काळी रीत अशी होती की नवरा गेलेल्या बाईला एकदा शेवटचं सवाष्णीचं लेणं लेववायचं. कपाळावर मळवट, ओटीत नारळ, हातभर हिरव्या बांगड्या, आणि मग सगळ्यांसमोर ते सगळं उतरवायचं, बांगड्या दगडावर फोडायच्या. माझ्या हातात कामाच्या रगाड्यात टिकलेल्या जुन्या दोन-तीनच बांगड्या होत्या. म्हणून अमावास्येच्या आदल्या दिवशी भासरे आईला म्हणाले, "हिले बालाजीचं दर्शन करवून आन, अन् येताना बाजारातून बांगड्या भरून आन." मी दाराआड उभी राहून ऐकत होते. भासऱ्यांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, आणि उघडलं असतं तरी काय बोलणार होते?

बालाजीच्या देवळापासून मण्यारांची, म्हणजे बांगड्यावाल्यांची, ओळ काही लांब नाही. तोंडात विडा घालून निघालं तर तो संपायच्या आत माणूस पोचतो. आधी तळ्याची कड लागते, मग हारफुलं आणि चुरमुरे-बत्ताशांची दुकानं, मग कापडवाले, मग तांबटांची ठोकठोक, आणि ती मागे पडली की काचेच्या बांगड्या लखलखू लागतात. नवी नवरी असताना याच वाटेनं मी नाचत गेले होते. त्या दिवशी मात्र सगळं नेहमीसारखं चाललेलं पाहून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कापडवाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बाया दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालून हसत-खिदळत चालल्या होत्या. ओळखीच्या एका बाईनं विचारलं, "काय वं, बाजाराले निंगाल्या का सासू-सुना?" सासूबाई नुसत्या "हो" म्हणाल्या. त्या तरातरा पुढे चालत होत्या, एकदाही मागे वळून पाहत नव्हत्या. मला वाटलं, यांना उरकायची घाई झाली आहे. पुढे किती तरी दिवसांनी त्या मला म्हणाल्या की वळून तुझं तोंड पाहिलं असतं तर मी भर रस्त्यात मटकन बसले असते.

आमचा नेहमीचा मण्यार त्या दिवशी कुणाच्या लग्नाला परगावी गेला होता. त्याच्या दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या. म्हणून आम्ही ओळीच्या टोकाला, कधीच न पाहिलेल्या एका म्हाताऱ्या मण्यारापुढे जाऊन बसलो. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, बोटं मात्र बाईमाणसासारखी मऊ. त्यानं माझा पंजा हातात घेऊन दाबला आणि पहिली हिरवी बांगडी चढवली. ती फुटली. दुसरीही फुटली. भरताना बांगडी फुटली तर नुकसान मण्याराचं, गिऱ्हाइकाचं नाही. तरी तो रागावला नाही. त्यानं माझा हात अलगद खाली ठेवला.

"हात ढिला सोड, बेटी. असा आवळून काहून धरला?"

सासूबाईच म्हणाल्या, "भर बाबा लवकर. उद्यापुरत्याच भरायच्या हायेत." आणि एवढं बोलून त्यांचा बांध फुटला. देवळात त्या रडल्या नव्हत्या, घरात सगळे रडले तेव्हाही रडल्या नव्हत्या. त्या अनोळखी माणसापुढे पदर तोंडाला लावून त्यांनी मेळघाटापासून पळसाच्या पुतळ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. हातातला हिरव्या बांगड्यांचा जुडगा त्यानं परत दोरीला अडकवला. मग म्हणाला, "माय, आमी चुडी भरतो ते दुआ देऊन भरतो. उद्या फोडाच्या म्हनून माह्या हातून भरनं होनार नाही. बाजूच्या दुकानात जा, कोनीबी भरून देईल." आणि त्यानं विचारलं, "तुमच्या पोराचं तोंड कोनी पाह्यलं का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मंग कायले घाई करून राह्यले? मेला असन तर तो काही तुमच्या अमावास्येसाठी थांबला नाही. अन् जिता असन तर त्याले तुमीच जाळून राह्यले."

मण्यारानं साध्या, बिनवर्खाच्या दोन बांगड्या काढल्या आणि माझ्या दोन्ही हातांत एकेक भरली. या वेळी त्या अलगद गेल्या. बांगड्या भरल्यावर मण्याराला वाकून नमस्कार करायची रीत आहे, म्हणून मी वाकले. त्यानं डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "अल्ला तुहा सुहाग सलामत ठेवो." इतक्या दिवसांत हा आशीर्वाद मला कुणी दिला नव्हता. वडीलधाऱ्यांना नमस्कार केला की ते नजर चुकवायचे. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि देवळात जे बोलता आलं नव्हतं ते तिथं त्याच्या दुकानातल्या गालिच्यावर वाकल्या वाकल्या मनात देवाला बोलले. बालाजीनं मला आपल्या गाभाऱ्यातून उठवून तिथं पाठवलं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. दुसऱ्या कुणाला तसं वाटावं असा माझा आग्रह नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी चप्पलही काढली नाही. ओसरीवर उभ्या राहून मुलाला म्हणाल्या, "तू आधी मेळघाटात जा. त्याचं तोंड पाह्यलेला माणूस शोधून आन, नाहीतर हाडं घेऊन ये. तोवर माह्या घरात पुतळा जळनार नाही." माझ्या देखत त्यांनी मुलाला असं कधी सांगितलं नव्हतं. पहाटे भासऱ्यांनी दशम्यांचं गाठोडं घेतलं आणि स्टेशनाची वाट धरली.

माझे यजमान जिवंत होते. ओंडका पायावर पडून हाड मोडलं होतं, वर ताप. एका म्हाताऱ्या कोरकू आदिवासी जोडप्यानं त्यांना आपल्या झोपडीत ठेवून भाकरी-पेजेवर जगवलं होतं, पण त्या आडरानातून निरोप धाडायला कुणी नव्हतं. ती चिता वाशीमच्याच बाजूच्या दुसऱ्या कुण्या बिचाऱ्याची होती. भासऱ्यांनी भावाला बैलगाडीत निजवून आणलं. अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा ते आईला एवढंच म्हणाले, "आनला वं माय." मग गाडीच्या चाकाला धरून लहान मुलासारखे रडले.

पाय काही धड झाला नाही, आणि ताप अंगात दबा धरून बसलेला होता. तो फिरून फिरून येई. तरीही आम्हाला संसार मिळाला. पुतणीच्या लग्नात ते काठी टेकत पंगतीतून हिंडले. आमची मुलगी झाली, ती रांगायला लागलेली त्यांनी पाहिली. पुढच्या एका हिवाळ्यात मात्र ताप उतरलाच नाही. माझ्या हातचं पाणी पिऊन, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ते गेले. तेव्हा बायका दगड घेऊन आल्या, तर सासूबाईंनी त्यांना उंबऱ्यातच थांबवलं. त्यांनी माझ्या हातांना तेल लावलं आणि एकेक बांगडी स्वतः उतरवली. एकही फुटली नाही.

लोक मला विचारतात की शेवटी देवानं नेलंच ना, मग यात कृपा ती कसली. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मुलगी मोठी झाली आहे, हसली की बापासारखी दिसते. ज्यानं दिलं त्याला परत केव्हा न्यायचं तेही ठाऊक असतं. त्याच्या आधी आपण घाई करू नये, एवढंच मला कळलं.