गडग्यापाशी थांबलेला ढोल
रंगाऱ्याने थिनरचा डबा उघडला आणि मला तो शिमगा आठवला. त्याच वासाच्या झायलीनवर मी तेव्हा मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करायचो. त्यात खनिज तेलातून निघणारी जुळी द्रव्यं असतात; ती जवळजवळ एकाच तापमानाला उकळतात, म्हणून नुसती उकळून वेगळी होत नाहीत. आधी रासायनिक क्रियेने एकाचं रूप बदलायचं, मग मिश्रण सच्छिद्र खड्यांच्या थरातून सोडायचं, की खडे एकाला धरून ठेवतात आणि दुसरं वाहून जातं. राजापूरजवळच्या आमच्या गावात तेव्हा केमिकलचा कारखाना येणार म्हणून सगळे धास्तावले होते. देवळात गावकी बसली असता मुख्य मानकऱ्यांनी विचारलं, "मुंबैत तू करतोस तरी काय?" मी हौसेने सगळं समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हंजे तू कंपनीचाच मानूस." आणि गावकी पुढच्या विषयाकडे वळली. त्याच शिमग्यात देवीची पालखी घरोघर निघाली. आईने अंगण सारवून रांगोळी घातली होती, ओटीचं ताट घेऊन ती दारात उभी होती. ढोल आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबला आणि शेजारच्या अंगणात वळला. "इसरले असतील, येतील परत," म्हणत ती दिवेलागणीपर्यंत तशीच उभी राहिली, रांगोळीवर पाय पडू नये म्हणून कडेला. आज घराला रंग लागतोय, कारण यंदा पालखी आमच्याकडे येणार आहे. मानकऱ्यांनी स्वतः फोन केला, आणि बोलता बोलता नातवाला माझ्या लॅबमध्ये कुठे चिकटवता येईल का, तेही विचारलं. आईला खांदा द्यायला मात्र त्यांच्या घरातलं कोणी आलं नव्हतं.