तुलनेसाठी निरोगी रक्त

फोन आला तेव्हा मी ओरत्तनाडुच्या कचेरीत होतो. "मामा, अम्मा गेली," एवढंच भाची म्हणाली. मी "सरी, सरी", बरं बरं, म्हणत राहिलो, जणू तिने बाजारातून काही आणायला सांगितलं होतं. तंजावूरच्या बसमध्ये जागा होती, तरी उभाच राहिलो. त्याला आता काही आठवडे झाले... अजूनही कुठे धड बसवत नाही.

अक्का, माझी थोरली बहीण, कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायची. शिकवायची तमिळ-इंग्रजीत, भांडायची मात्र आमच्या घरच्या तंजावरी मराठीत. आपल्या पेशी स्वतःच काही पदार्थ बनवतात, ग्लुटाथायोनसारखे, आणि ते डीएनएला इजा होण्यापासून वाचवत असावेत, हा तिचा विषय. रक्तातल्या पेशींवर ती डीएनए तोडणाऱ्या पेरॉक्साइडचा मारा करायची आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. डीएनए शाबूत असेल तर पेशी गोल दिसते, तुटला असेल तर तिला शेपूट फुटतं. नात्यातलं कुणी "मग आम्ही खायचं काय?" असं विचारलं की ती उसळायची. "असावेत म्हटले मी. आहेत म्हटले काय?"

या कामाला तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. दर वेळी माणूस कुठून आणायचा, म्हणून रीतसर परवानगी काढून अक्का स्वतःचंच द्यायची. वर्षानुवर्षं तिच्या प्रयोगातला निरोगी माणूस म्हणजे तीच. आणि एक दिवस तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आत बरेच दिवस असणार.

आम्ही सगळे हादरलो, आणि हिच्या डोक्याला भलताच भुंगा. मीच निरोगी नव्हते, तर माझी तुलना खरी कशी? हाती वेळ आहे तोवर तिला सगळं पुन्हा करायचं होतं, दुसऱ्याच्या रक्तावर. मी संतापलो.

"अक्का, तुज औषधाची तरी शुद्ध आहे काय? पेशी कसल्या बघत बसतेस!"

"सुम्मा, गप बस की रे. माझे बरे होणे माझ्या हाती नाही. हे आहे. बाही वर कर."

हात दाखवून अवलक्षण, असं मनात म्हणत मी रक्त दिलं. केमोच्या मधल्या बऱ्या दिवसांत ती कॉलेजात जाऊन बसायची. उत्तर पहिल्यासारखंच आलं, पदार्थ जास्त तिथे शेपटं कमी. फोनवर सांगताना तिचा आवाज इतका मोकळा होता की मला रागच आला. "मग तुझ्या अंगात का नाही वाचवलं त्यांनी?" मी ओरडलो. "मज ठाऊक नाही रे," ती म्हणाली. मला तिच्याकडून तेवढंच एक उत्तर हवं होतं. अजून हवंय.

तिचं काम आता तिच्या सहकारी बाई पुढे नेताहेत, आणि तुलनेला रक्त माझंच. अक्काच्या खुर्चीत बसतो, बाही वर करतो, सुई निघेपर्यंत पाय हलवत राहतो. गेल्या खेपेला त्या बाई तमिळमध्ये म्हणाल्या, "मागच्या वेळच्या तुमच्या पेशी पाहिल्या सर. काळजी नको, छान गोल आहेत."

"अक्काच्या कशा असायच्या?"

"गोलच," त्या म्हणाल्या, आणि कापूस घट्ट दाबून धरायला सांगितलं.