माझी खुली परीक्षा आणि अक्का

"ओ साहेब! लेकराला कामून कोंडीत धरायलाव? तोंडाला कोरड पडली की त्याच्या! आधी पाणी तरी पाजा!"

लेकरू म्हणजे मी. वय पंचेचाळीस, डोक्यावर केस मोजके, अंगावर उसना कोट. ओरडणारी माझी थोरली बहीण, अक्का. आळंदच्या बाजारात ती तुरीचा सौदा करते तेव्हा आवाज उमरग्यापर्यंत जातो, आणि वारा बरा असला तर अक्कलकोटवालेही भाव ऐकून घेतात. ती आधी मराठीत ओरडली. मग बाहेरगावच्या परीक्षकांना कळावं म्हणून तेच सगळं कानडीत ओरडली.

कलबुर्गीतल्या आमच्या कायदा विभागात त्या दिवशी माझ्या पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा होती. खुली म्हणजे कुणीही यावं, बसावं, बोलावं, असा नियम. पण तो नियम कुणी वापरलेला मी तरी पाहिला नव्हता. लोक मागच्या रांगेत बसतात आणि जेवणाची वाट बघतात. आमच्या घरचे मात्र टेम्पो भरून आले होते.

मी विभागात कित्येक वर्षं पाहुणा अध्यापक. इतका टिकलेला पाहुणा अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही. ही डिग्री हातात पडली तरच कायमच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. तोवर शिकवायचं आणि विभागाच्या बातम्या लिहायच्या. बातम्यांत माझा हात कुणी धरावा! आमच्या एका मॅडमनी मन्नाएखेळ्ळीला लिंबाखाली कायद्याचं शिबिर घेतलं, तर मी 'विराट जनसमुदाय' लिहून मोकळा. त्यात दोन म्हशी धरल्या होत्या. पण त्या शेवटपर्यंत बसून होत्या, हे माणसांबद्दल म्हणता येत नाही.

माझा प्रबंध शेतरस्त्यांवर. गावातले पंच रस्त्याची भांडणं कागदाविना कशी मिटवतात आणि तो शब्द पुढच्या पिढ्याही कशा पाळतात, हे मी गावोगाव फिरून लिहिलं होतं. परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत शांतपणे विचारलं, "सही नाही, शिक्का नाही. मग हा शब्द मोडतो कुठं?"

मला ठाऊक होतं. हळ्ळीखेडच्या पुढं एका गावात रान बाहेरच्याला विकलं गेलं. नव्या मालकानं रस्त्यावर काटेरी तार ओढली आणि पंचांचा शब्द तिथंच संपला. ही गोष्ट मी प्रबंधात घातली होती, पण तळटीपेत, मुंगीलाही चष्मा लागावा इतक्या बारीक अक्षरांत. ती मोठ्यानं सांगितली तर सगळा प्रबंध कोसळेल, ही भीती. म्हणून मी गप्प. परीक्षकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. तेव्हा अक्का उठली होती.

विभागप्रमुख पांढरेफटक पडले. "बाई, खाली बसा," म्हणाले. पण माझ्या मार्गदर्शक मॅडम जागेवरूनच म्हणाल्या, "सर, परीक्षा खुली आहे. त्यांना बोलू द्या."

अक्काच्या शेजारी करार-कायदा शिकवणारे आमचे सर होते. ते तिला पहिल्यापासून कानात मराठी करून सांगत होते. प्रश्न काय होता ते त्यांनी पुन्हा सांगितलं. अक्कानं माझ्याकडं बघितलं.

"एवढंच व्हय? मग ते विकल्याल्या रानाचं सांग की रं! तार वढली, रस्ता बंद झाला, पंच बसले बघत. घरी आलास की भाकरी मोडता मोडता सांगतूस, हितं कामून दडवायलास?"

सभागृहात अशी शांतता पडली की पंखेसुद्धा थांबले. वीज गेली होती, हे नंतर कळलं. मी मनातल्या मनात कायमच्या जागेला हात जोडून निरोप दिला.

परीक्षकांनी चष्मा काढला. "सांगा," म्हणाले, कानडीत.

मी अक्काकडं बघून मराठीत सुरू केलं, मध्येच कानडीत गेलो आणि शेवटी इंग्रजीही आपल्या पायांनी चालत आली. ज्यांनी तो शब्द कानांनी ऐकला त्यांच्या घरात रान आहे तोवर रस्ता आहे. न ऐकलेल्याच्या हातात रान गेलं की रस्ता गेला, असं म्हणालो.

"हेच मी मघापासून विचारतोय!" परीक्षक म्हणाले. "एवढी मोलाची गोष्ट तळटीपेत कोंडली होय? पुस्तक कराल तेव्हा हिचं प्रकरण करा." आणि त्यांनी डिग्रीची शिफारस केली.

माझी प्रत्येक ओळ मॅडमनी वर्षानुवर्षं न कंटाळता वाचली. मी गावं हिंडत होतो तेव्हा करार-कायद्याच्या सरांनी माझे तास घेतले आणि कधी बोलून दाखवलं नाही. या माणसांचं ऋण मला फेडता यायचं नाही, फेडायचंही नाही. ते अंगावर असलं की थंडी कमी वाजते. त्या दिवसाची बातमी मी चार पानं लिहिली होती. मॅडमनी ती दोन ओळींवर आणली: मला डिग्री मिळाली, आणि 'श्रोत्यांनी उत्स्फूर्त सहभाग घेतला'.

संध्याकाळी अक्काला टेम्पोत बसवताना मी म्हणालो, "अक्का, तुझे उपकार मी सात जन्म विसरायचो न्हाई. पर तुला भ्या कसं वाटलं न्हाई गं? डिग्री गेली असती तर?"

पदर सारखा करत ती म्हणाली, "साहेबानं इचारलं. तुला म्हाईत व्हतं. सांगायचं."