जुन्या वळणाची अथीना

अथेन्सच्या कुंभारवाड्यात लिसिलेला सगळे आत्याच म्हणायचे. खरा भाचा तिला एकच, डेक्सियस, आणि तोच तिला घराबाहेर काढायला निघाला होता. बाहेर म्हणजे अगदी रस्त्यावर नव्हे हो. आखार्नेला, तिच्या बहिणीच्या मुलीकडे. "हवा चांगली आहे, शेळ्या आहेत, बस आरामात," म्हणे. जिनं पन्नास वर्षं मातीत हात घातले, तिनं आता शेळ्यांची तोंडं बघत बसायचं!

डेक्सियसचं अगदीच चुकत होतं असंही नाही. लिसिलेला जे काम यायचं ते आता कुणाला नको होतं. तिच्या बापाच्या वेळी तांबड्या भांड्यावर काळे देव काढायचे, आणि टोकदार सळईनं तो काळा रंग कोरून डोळे, केस, वस्त्राच्या चुण्या उमटवायच्या. मग सगळंच उलटं झालं. आता भोवतालची जागा काळी करायची आणि देव तेवढा मातीच्या तांबड्या रंगात मोकळा सोडायचा. डेक्सियसकडे कामाला असलेला आर्खियस या नव्या कामातला राजा. त्याचा मद्यदेव डायोनिसस पेल्यावर असा काही झिंगलेला असायचा, की पिणाऱ्याला वाटावं, आपण फारच कमी प्यालो. असल्या पेल्यांना गिऱ्हाईक तुटून पडे. लिसिलेच्या वाट्याला भांड्यांच्या कानांखालची वेलबुट्टी उरली होती.

आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिला जवळचं दिसेनासं झालं होतं. गडावरच्या देवळावर बसलेला कावळा दिसे, पण हातातल्या ऑलिव्हला बी आहे की नाही ते दातांनीच कळे. हे बाहेर फुटलं असतं तर आखार्नेचं खेचर दुसऱ्याच दिवशी दारात उभं राहिलं असतं.

त्या वसंतात मात्र डेक्सियस धावतच आत आला. "आत्या, उत्सवाचे रांजण! पंच आपल्याकडे येणारेत नमुना बघायला."

अथीनेच्या उत्सवात शर्यती नि कुस्त्या जिंकणाऱ्यांना देवीच्या ऑलिव्ह झाडांचं तेल मिळतं, दोन कानांच्या मोठ्या रांजणात भरून. रांजणावर स्वतः अथीना, ढाल-भाला घेऊन. आणि जग कितीही पुढं गेलं तरी ही अथीना जुन्याच वळणाची लागते: अंग काळं, कोरीव, आणि बाईमाणूस म्हणून तोंड पांढरं. तिथं नवेपणा चालत नाही. देवीला चालत नाही की पंचांना, ते देवीच जाणे.

"आर्खियस काढेल," डेक्सियस म्हणाला.

"मग मला कशाला सांगतोस?" लिसिला म्हणाली आणि बुट्टी काढत राहिली. कान मात्र तिकडेच.

आर्खियसनं सळई घेतली आणि पहिल्याच रेघेला रंगाचा पोपडा उडाला. दुसऱ्या रेघेला आणखी मोठा. त्यानं हेफेस्टसच्या लंगड्या पायापासून त्याच्या बायकोच्या भानगडींपर्यंत सगळं बाहेर काढलं. असल्या शिव्या भट्टीच्या देवाला त्याच्याच आवारात द्यायच्या नसतात.

"माती कोरडी झालीय, लेका," लिसिलेला राहवेना. "नव्या कामाला चालते, कोरायला नाही चालत. गाल लाव रांजणाला."

"गाल?"

"गार लागला तर कोर. नाही लागला तर ओलं फडकं गुंडाळ आणि गप बस."

आर्खियस हसला, पण गाल लावला. दुपारपर्यंत सळई लिसिलेच्या हातात आली होती. कोरायला तिला डोळ्यांची गरजच नव्हती. बोटाच्या टोकाला रंगाची कड लागे, आणि सळईचा आवाज बरोबर आला की रेघ बरोबर गेली हे तिला कळे. देवीच्या छातीवरचे खवले, कडेचे साप, शिरस्त्राणाचा तुरा, हे सगळं तिनं लहानपणापासून हजारदा केलेलं. तोंड मात्र कधीच नाही. तोंड बाप करायचा, मग भाऊ. घरातल्या पुरुषानं करायचं, असंच होतं त्यांच्याकडे.

"तोंड तू कर," ती आर्खियसला म्हणाली. "मी नाही करत."

"का? हात आहे की तुझा."

"आमच्यात बायका करत नाहीत." हे खरं होतं. पण तोंड नुसत्या बोटांनी होत नाही, त्याला डोळे लागतात, हे जास्त खरं होतं.

आर्खियसनं तोंड केलं. "झालं," म्हणाला. लिसिलेनं रांजणाकडे मान वळवून बघितल्यासारखं केलं. "छान," म्हणाली. तिला नुसतं धुकं दिसत होतं.

भट्टी लागली. दारावर भांडी फोडणाऱ्या भुतांना घाबरवायचा वेडावाकडा मुखवटा टांगला होता, तरी लिसिलेनं चिमूटभर सातू टाकून विनवणी केलीच. तिसऱ्या दिवशी रांजण बाहेर आला. डेक्सियसनं तो उन्हात धरला.

देवीचं अंग काळं कुळकुळीत. रेघा सुरेख. आणि तोंड लालभडक! सवयीनं आर्खियसनं चेहरा मोकळा सोडला होता, जसा तो रोज सोडायचा. पांढरी माती द्यायची विसरूनच गेला होता. गल्लीतले दोघे-तिघे डोकावले.

"अगं बाई, अथीना प्यायलीय!"

"हिला डायोनिससच्या पंगतीला बसवा!"

आर्खियस मान खाली घालून उभा राहिला. डेक्सियस मात्र आत्याकडे वळला. "तू बघितलं होतंस. छान म्हणालीस! आत्या, तुला हे दिसलं नाही?"

आता काय सांगायचं? खोटं बोलावं तर सगळा दोष पोराच्या डोक्यावर, खरं बोलावं तर आखार्ने.

"नाही दिसलं," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. जवळचं मला काही दिसत नाही."

मग डेक्सियस हळूच म्हणाला, "निरोप पाठवतो मी. पंच येतील त्याच दिवशी खेचर येऊ दे." तो रागानं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

काळा रंग दिलेला दुसरा रांजण ओल्या फडक्यात ठेवलेला होता. पंच यायला आठ दिवस होते. लिसिलेनं उठून फडकं सोडलं आणि रांजणाला गाल लावला. गार होता. ती कोरायला बसली. जाण्याआधी एक तरी धड करून जावं, एवढंच तिच्या मनात होतं.

तोंडापाशी आल्यावर ती थांबली. आर्खियस समोर येऊन बसला.

"तोंड मी नाही करणार," तो म्हणाला. "परत चुकीन. माझा हात माझं ऐकत नाही, सवयीचं ऐकतो. आत्या, तुला किती लांबचं दिसतं?"

"हात लांब केला की जरा दिसतं. दोन हातांवर चांगलं. का रे?"

तो उठून बाहेर गेला आणि ओढ्याकाठचा लांब बोरू तोडून आला. त्याच्या टोकाला त्यानं कुंचला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि बोरू तिच्या हातात दिला. लिसिलेनं स्टूल मागं सरकवलं. आणखी मागं. आणि काय सांगावं, रांजण दिसला! काम चालू असताना आपणच कोरलेलं तिनं चार वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. एक साप किंचित वाकडा होता. बापानं टपली मारली असती.

"बाबा, रागावू नका," ती पुटपुटली, आणि पांढऱ्या मातीत कुंचला बुडवला. पहिल्यांदा बोरू थरथरला. मग तिनं कोपर गुडघ्यावर टेकवलं. नाक, हनुवटी, गळा. शेवटी डोळा. त्याला तिनं संध्याकाळपर्यंत वेळ लावला. आर्खियस रांजण धरून बसला होता, हललासुद्धा नाही. हा बडबड्या माणूस इतका वेळ गप्प बसलेला कुंभारवाड्यानं कधी पाहिला नव्हता.

पंच आले तेव्हा भट्टीतून निघालेला रांजण अंगणात उभा होता. काळी देवी, गोरं तोंड, आणि सरळ समोर रोखलेला डोळा. म्हातारा पंच रांजणाभोवती दोनदा फिरला. "माझ्या आजोबांनी कुस्तीत जिंकलेला असाच होता घरी," तो म्हणाला. "हात कुणाचा?"

डेक्सियस घसा खाकरत होता तोवर आर्खियस बोलून गेला. "आत्याचा. माझा फक्त बोरू."

"मग उत्सवाचे सगळे रांजण इथंच होऊ देत," पंच म्हणाला. "पण सगळ्यांवर हेच तोंड पाहिजे."

लिसिलेला रडूच आलं. पदरानं डोळे पुसावेत तर पदराला माती, म्हणून तिनं ते तसेच वाहू दिले. तेवढ्यात दारात खूर वाजले. बहिणीचा जावई खेचर घेऊन आला होता, पाठीवर घोंगडी आणि आत्याला बसायला उशीसुद्धा.

डेक्सियसनं एकदा खेचराकडे बघितलं, एकदा रांजणाकडे. मग स्वतः जाऊन ती उशी काढली आणि आत्याच्या स्टुलावर ठेवली.

"आत्या, खेचराचं काय करायचं?"

"आलंच आहे तर खाणीवर पाठव," लिसिला म्हणाली. "एवढ्या रांजणांना माती नको का?"