कुत्रं रडलं त्या दुपारी

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू हृदयाच्या ऑपरेशनसाठी ठाण्याला निघाल्या तेव्हा त्यांना स्वतःची काळजी कमी आणि कुत्र्याची जास्त होती. सत्तरीच्या, एकट्या. पट्टा माझ्या हातात देत म्हणाल्या, "अगं, त्याच्यावर ओरडू नकोस तेवढं. आधीच जीव मुठीत धरून असतो तो."

"काही काळजी करू नका काकू, पोटच्या पोरासारखा सांभाळेन." बोलायला काय, जीभ उचलली की टाळ्याला लागते.

मोहने गावात नाल्याकाठी काकूंना सापडलेला गावठी कुत्रा. एक कान फाटलेला. कुणीतरी बेदम मारलं असावं, कारण नुसता झाडू उचलला तरी थरथरायचा. काकू केर काढण्याआधी झाडू त्याच्या नाकाशी धरायच्या, त्याला वास घेऊ द्यायच्या आणि मगच हात चालवायच्या. दोन वर्षं हेच. मी हसायचे, "काकू, झाडूला नैवेद्य दाखवताय का?" पण दोन वर्षांनी कुत्रा खरंच झाडूला घाबरेनासा झाला.

माझ्याकडे आला आणि दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. दाराच्या फटीला नाक लावून पडलेला. तिसऱ्या दिवशी जमिनीवर बसून मी दुधात कुस्करलेली चपाती पुढे केली, तेव्हा कुठे हातावरची चाटली. मला इतकं बरं वाटलेलं की बहिणीला फोन करून सांगितलं.

चौथ्या दिवशी काकूंचं ऑपरेशन. संपलं की त्यांचा भाचा फोन करणार होता. दुपारचे दोन वाजले, फोन नाही. आणि कुत्र्याने मान वर करून रडायला सुरुवात केली. भुंकणं नव्हे, रडणं. लांब हेल काढून.

वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात उभी राहून ओरडली, "अहो, गप करा त्याला! तिकडे बाईचं ऑपरेशन आणि इकडे दारात कुत्रं रडतंय. अपशकुन आहे तो!"

"आमच्यात असलं काही मानत नाहीत," मी म्हटलं आणि दार आपटलं.

खरंच मानत नाहीत. आमचं बौद्ध घर. नवस नाही, मुहूर्त नाही. मांजर आडवं गेलं तर आम्ही त्याला वाट देतो. पण माझे मिस्टर हॉस्पिटलात होते तेव्हा बिल्डिंगखाली एक कुत्रं असंच दोन दिवस रडत होतं. आई म्हणाली, दगड मारून हाकल त्याला. मी आईलाच झापलं, "आई, कुत्र्याला काय कळतं!" तिसऱ्या दिवशी मिस्टर गेले. त्या न मारलेल्या दगडाबद्दल मी कधी कुणाजवळ बोलले नाही.

"गप रे बाळा," म्हणून पाहिलं. बिस्कीट दिलं, खिडक्या लावल्या, टीव्ही मोठा केला. तो थांबेना आणि फोन वाजेना. दाराशी माझी चप्पल होती, ती मी उचलली.

किती मारलं ते मोजलं नाही. तो पळाला नाही, चावला नाही. जमिनीला चिकटून त्याने डोळे मिटून घेतले. माराशी जुनी ओळख असल्यासारखे. आवाज थांबला तेव्हा मी थांबले.

दहा मिनिटांनी भाच्याचा फोन आला. सगळं नीट झालं होतं. मी रडले. आणि लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मनात आलं, बघ, लागू पडलं.

त्यानंतर तो रडला नाही. दाराशीही बसला नाही. दिलं की मुकाट खायचा. "शहाणा झाला हो!" वरची बाई म्हणाली.

पंधरवड्याने काकू परत आल्या. तो त्यांच्याकडे गेला, शेपटी हलवली, तोंडातून आवाज काढला नाही. काकूंचे डोळे भरून आले. "किती गुणी झालाय तुझ्याकडे राहून!" म्हणत त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी हात सोडवून घेतले आणि चहा ठेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मऊ भात आणि वरण घेऊन गेले. दार उघडंच होतं. काकू खुर्चीत, तो त्यांच्या पायाशी. एका हातात डबा, म्हणून वाकून दुसऱ्या हाताने मी चप्पल काढली.

तो जमिनीला चिकटला. डोळे मिटले. त्याच्याखालून लघवीचा ओघळ निघाला आणि काकूंच्या पावलांपर्यंत आला.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या चपलेकडे.

"आत ये," त्या म्हणाल्या. "चप्पल घालूनच ये."

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाच्या घरात चप्पल घालून जात नाही. काकूंकडे मी आजही तशीच जाते. मागे उमटलेली माती त्या स्वतः पुसतात, छातीवर टाके असतानाही त्यांनीच पुसली. मला फडक्याला हात लावू देत नाहीत.